गवताची राखण

ज्योत्स्ना खरातला वनरक्षकाची नोकरी लागली तेव्हा बदनापूरच्या तिच्या गल्लीत पेढे वाटले गेले आणि पेढा तोंडात टाकता टाकता जो तो एकच विचारत होता, "वाघ हाय का तिथं?"

वाघ नव्हता. लोक ज्याला जंगल म्हणतात तसं जंगलही नव्हतं. तिच्या वाट्याला आला हिवरमाळ. अंबडहून वडीगोद्रीकडं जाताना आत एक कच्चा रस्ता वळतो. मोसंबीच्या बागा मागं पडतात, ऊस संपतो आणि एकाएकी उघडा, चढउताराचा, खडकाळ माळ समोर येतो. काळविटांसाठी सरकारनं तो राखून ठेवला आहे. कुठंतरी एखादं हिवर, एखादा खैर, नाल्याच्या काठानं बोरी. बाकी नजर जाईल तिथवर गवत. फाटकावर पाटी होती आणि पाटीशेजारी एका खोलीची चौकी. तिथं बद्रीनाथ नावाचा वयस्कर वनमजूर चहा उकळत बसलेला.

"मॅडम, इथं राखायचं काय तेच कुणाला म्हाईत न्हाई," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "मागचे साहेब वैतागून बदली घेऊन गेले."

ज्योत्स्नाही सुरुवातीला वैतागलीच होती. तिची आई कृषी संशोधन केंद्रावर तुरीच्या वाफ्यांत मजुरीला जायची आणि पोर शिकावी म्हणून तिनं हाडाची काडं केली होती. ज्योत्स्नानं जालन्याला वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली, भरतीच्या मैदानावर धावून धावून पायाची नखं काळी केली, आणि मिळालं काय, तर गवत! उन्हाळ्यात तो माळ बघितला तर कुणीही म्हटलं असतं की इथं काहीच नाही.

पण पाऊस झाला आणि माळ उठला. पवन्या, मारवेल, कुसळी असं एकेक गवत वर आलं. भादव्यात तर ते कमरेला लागायला लागलं. एकदा गस्त घालताना तिच्या पायात काटा मोडला म्हणून ती उगवतीच्या उतारावर खाली बसली आणि काटा काढता काढता समोरच्या बोरीच्या झुडपात तिला एक वेल दिसली. बारीक, दुसऱ्याच्या अंगावर चढलेली, आणि तिला फुलं होती. इवल्या कंदिलांसारखी फुलं, खाली फुगीर, वर निमुळती, हिरवट, टोकाला जांभळी झाक. तिनं पुस्तकात चित्र पाहिलं होतं. खरपुडी. तिच्या जमिनीतल्या गड्ड्या गुराखी पोरं पूर्वी खणून खायची. आता कित्येक माळांवरून ती नाहीशी झाली आहे. ज्योत्स्ना काटा विसरून तिथंच पालथी पडली आणि फुलाच्या तोंडात डोकावून बघत राहिली. त्या दिवसापासून तिची आणि हिवरमाळाची गाठ पडली ती पडलीच.

गाठ पडली की त्रासही सुरू होतो. आधी वेडी बाभूळ. नाल्याच्या खालच्या अंगानं ती माळावर चढत होती. कुणीतरी कधीकाळी सरपणाला म्हणून हे परदेशी झाड आणलं आणि आता ते कुणाला आवरत नाही. शेंगा काळविटं खातात, गुरं खातात, आणि जिथं लेंडी पडते तिथं नवं रोप. खाली गवताचं पातंही उगवत नाही. ज्योत्स्नानं उपटायची परवानगी मागितली. उत्तर आलं की वेडी बाभूळ असली तरी ती झाड आहे, राखीव क्षेत्रातलं झाड तोडता येत नाही, तोडायचं तर आराखड्यात तरतूद हवी, आणि आराखडा मंजूर होऊन बसलेला आहे. पुढं कधीतरी बघू.

मग ती निदान रोपं तरी उपटायला लागली. बद्रीनाथ आणि ती, दोघंच. एका बाजूनं उपटावं तर दुसऱ्या बाजूनं येई. हाताला काटे, बोटं सुजलेली. एकदा खालच्या वस्तीतली नंदाबाई सरपणाला बाभळीच्या फांद्या तोडताना सापडली. खरं तर ज्योत्स्नाला तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण कायद्यानं कोयता जप्त करावा लागला.

"मॅडम, तुम्ही सोता उपटून राह्यल्या अन् आमचा कोयता घेता?" नंदाबाईनं विचारलं. "हे काय गणित हाय?"

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं समज देऊन कोयता परत केला. पण नंदाबाई पुढं बरेच दिवस तिला बघून तोंड फिरवायची.

अशात मच्छिंद्र आला. मच्छिंद्रचं वडीगोद्रीला हायवेवर पाइप आणि मोटारींचं दुकान. माणूस मनानं मोकळा, कुणाच्याही लग्नाकार्याला धावणारा. त्यानं गावच्या पोरांना धरून झाडोरा मंडळ काढलं होतं. अंगात मंडळाचा हिरवा टी-शर्ट, हातात मोबाइल. चौकीवर येऊन त्यानं माळाकडं हात केला.

"ताई, केवढी जागा रिकामी पडलीय! पाच हजार झाडं लावून टाकू. वरून मंजुरी झालीय. पाच वर्षांत बघा, महाबळेश्वर करतो का न्हाई."

"मच्छिंद्रभाऊ, रिकामी कुठंय? गवत आहे ना सगळं."

"गवत काय, आपोआप येतं!" तो हसला. त्याला वाटलं ताई गंमत करतात.

ज्योत्स्ना दुसऱ्याच दिवशी अंबडला वनक्षेत्रपाल साहेबांकडं गेली. साहेब निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे, शांत, पान खाणारे. तिनं सगळं सांगितलं. हा माळ मुळातच गवताचा. काळवीट उघड्यावर जगतं, दूरवर दिसलं नाही तर बिथरतं. यंत्रानं खड्डे आणि चर मारले की गवताची जुनी मुळं उखडतात आणि उखडलेल्या मातीत पहिलं येतं ते गाजरगवत. शिवाय लावणार काय, तर गिरीपुष्प, गुलमोहर, सुबाभूळ. त्यातलं काही इथलं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरात मॅडम, झाडं तोडणारे मी आयुष्यभर पकडले. झाडं लावणाऱ्यांना अडवा म्हणणारी वनरक्षक पहिल्यांदाच बघून राह्यलो."

"साहेब, चुकीचं असेल तर सांगा."

"चुकीचं कोण म्हणतंय? पण वरून उद्दिष्ट आलंय. झाडांचं आलंय. गवताचं उद्दिष्ट कुणी देत न्हाई. पेपरात काय छापून येईल, वनरक्षकाचा झाडांना विरोध? तुम्हालाच भारी पडेल."

खूप हुज्जत घातल्यावर एवढं झालं की उगवतीचा उतार सोडायचा. तिथं खड्डे मारायचे नाहीत. साहेबांनी मच्छिंद्रला तिच्यासमोर फोन करून सांगितलं आणि मच्छिंद्रही बिलकुल हरकत नाही म्हणाला.

रात्री जेवताना ती हे सगळं नवऱ्याला, देवानंदला सांगत होती. देवानंद जवळच्याच एका शाळेत शिक्षक. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"आमच्या शाळेला पण पत्र आलंय," तो म्हणाला. "सातवी-आठवीची पोरं घेऊन यायचं, प्रत्येकाच्या हातात रोप. हेडमास्तरांनी माझं नाव टाकलंय."

"नका ना जाऊ."

"काय कारण सांगू? बायकोला गवत आवडतं?"

ती ताटावरून उठली. तो मागनं "अगं, मी काय मुद्दाम..." असं काहीतरी म्हणत राहिला.

उतार वाचला असला तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाऊस पडून गेला होता आणि खरपुडीच्या गड्ड्यांना नुकते कोंब फुटले होते. फूल यायला अजून अवकाश. फुलाशिवाय ती वेल कुणाला दाखवली तर तण म्हणूनच उपटली असती. म्हणून ज्योत्स्नानं आणि बद्रीनाथनं नाल्यातून दगड वाहून आणले, वेलीभोवती गोल कडं रचलं आणि लांबून दिसावं म्हणून दगडांना चुना फासला. "इथं पाय ठेवू नये" अशी एक पाटीही तिनं पुठ्ठ्यावर लिहून लावली. ती लागवडीच्या आदल्या दिवशीच्या पावसात भिजून पडली, हे तिला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला फाटकावर उभं केलं होतं. गाड्या लावून घ्यायच्या, झाड लावायला येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांची गाडी आली की वाट मोकळी करायची. मावळतीच्या बाजूला मांडव होता, खड्डे तयार होते. पण पावसानं तिथं चिखल झाला आणि गाड्या रुतायला लागल्या. तेव्हा ऐनवेळी कुणीतरी म्हणालं, त्या उतारावर चला, तिथं कोरडं आहे, फोटोलाही मागं सगळा माळ येतो. स्पीकर तिकडं गेला, खुर्च्या तिकडं गेल्या. फाटकावर ज्योत्स्नाला यातलं काहीच समजलं नाही. तिला ऐकू आला तो फक्त स्पीकरवरचा मच्छिंद्रचा आवाज, वाऱ्यावर तुटत तुटत येणारा.

"...आपल्या खरात मॅडमनी... पाहुण्यांच्या झाडासाठी... दगडांचं किती सुंदर आळं करून ठेवलंय... एकदा जोरदार टाळ्या..."

ती गाड्या तशाच सोडून पळत सुटली. चढ चढून वर पोचेपर्यंत टाळ्या थांबल्या होत्या. चुन्याच्या दगडांच्या कड्यात मधोमध एक वडाचं रोप उभं होतं. पाहुणे हात धूत होते. आळ्याबाहेर ओल्या मातीचा ढीग आणि ढिगाशेजारी खड्डा खणणारा मजूर बसला होता. मातीतून निघालेली एक गड्डी त्यानं विजारीला पुसली आणि कचकन चावली.

"गोड हाय," तो शेजाऱ्याला म्हणाला. "लहानपणी लई खायचो."

ज्योत्स्ना बोलायला गेली असती तर रडली असती, आणि गणवेशात रडायचं नाही हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. ती ढिगापाशी बसली आणि माती चाळायला लागली. तुटलेल्या, फावड्यानं कापलेल्या काही गड्ड्या सापडल्या, त्या तिनं टोपीत घेतल्या. मच्छिंद्र हसत जवळ आला. "ताई, फोटोत या ना, तुमच्यामुळंच तर..." आणि तिचा चेहरा बघून थबकला.

"भाऊ, ते आळं नव्हतं," ती एवढंच म्हणाली.

पोरांच्या रांगेशेजारी देवानंद उभा होता. त्यानं मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं त्याला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना? चुना लावलेलं कडं मी तुम्हाला सांगितलं होतं."

"बघितल्याबरोबर ओळखलं."

"मग?"

"पाहुण्यांच्या हातात फावडं दिलं होतं, ज्योत्स्ना. हेडमास्तर शेजारी, कॅमेरे समोर. मला वाटलं, आता बोललो तर... आणि तेवढ्यात टाळ्या झाल्या."

ती त्याच्यावर ओरडलीसुद्धा नाही. ते त्याला जास्त लागलं.

पुढचं वर्ष म्हणजे शिक्षाच होती. लावलेली झाडं जगवायची जबाबदारी वनरक्षकाची. ज्या झाडांना तिनं जीव तोडून विरोध केला त्यांनाच टँकरनं पाणी घालत ती उन्हातान्हात फिरत होती. खडकाळ जमिनीत गुलमोहर तग धरेना, गिरीपुष्प पानं टाकायला लागलं. हिवाळा सरता सरता अर्ध्याहून जास्त खड्ड्यांत नुसत्या काड्या उरल्या. गाजरगवत मात्र खड्ड्याखड्ड्यांतून, मारलेल्या चरांतून पांढरं फुललं. वाऱ्याबरोबर त्याचं बी माळभर गेलं. बद्रीनाथच्या हातांवर खाजेचे चट्टे उठले. आणि पाहुण्यांच्या वडाबद्दल तिला वरिष्ठांचा आदेश होता, काही झालं तरी तो वाळता कामा नये, पाहुणे कधीही विचारतील. तो एकटा वड तजेलदार, रोज पाणी पिऊन वाढत होता. टोपीतून आणलेल्या गड्ड्या तिनं त्याच उतारावर दुसऱ्या बोरीखाली लावल्या होत्या. दोनतीन फुटल्या, बाकी कुजल्या. फूल एकालाही आलं नाही.

उन्हाळ्यात वरून विचारणा झाली, झाडं का मेली? राखणीत हलगर्जीपणा झाला का? तिनं उत्तर लिहिलं आणि साहेबांकडं नेऊन दिलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे असं पाठवू नका. पाऊस कमी पडला म्हणा."

"पाऊस बराबर पडला, साहेब. शेजारी खड्डे न मारलेल्या भागात गवत छातीएवढं होतं."

"म्हणूनच म्हणतो, पाठवू नका."

तिनं पाठवलं. त्याचं काही झालं नाही. शिक्षा नाही, चौकशी नाही, दोन ओळींचं उत्तरही नाही. तिला वाटलं होतं निदान कुणीतरी भांडेल. भांडायलाही समोर कुणी येत नव्हतं. उलट नव्या पावसाळ्यासाठी पुन्हा तितकीच झाडं मंजूर झाली, आणि या खेपेला उगवतीच्या उतारासकट.

हे नंदाबाईच्या कानावर गेलं आणि गोष्टीला वेगळंच वळण लागलं. दिवाळीनंतर हिवरमाळाचं गवत कापून न्यायची खालच्या वस्तीला मुभा असे. पवन्या गुरं आवडीनं खातात आणि त्याच्या गंजीवर वस्तीतल्या बायकांच्या म्हशी उन्हाळा काढतात. त्या वर्षी खड्ड्यांच्या भागात कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नंदाबाईनं ते पाहिलं होतं, तोंडानं काही बोलली नव्हती. आता ती थेट चौकीवर आली.

"मॅडम, पुन्यांदा खड्डे मारणार हायेत म्हणं?"

"हो मावशी. मी सांगून थकले. त्या उतारावर एक दुर्मिळ फूल..."

"तुमचं फूल ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," नंदाबाई म्हणाली. "मला काय करायचंय फुलाचं? माझी म्हैस फूल खात न्हाई. मला हे सांगा, गवत ऱ्हाणार का जाणार?"

ज्योत्स्नाला जरा लागलं. इतके दिवस ती ज्या वेलीसाठी जीव टाकत होती ती या बाईच्या खिजगणतीतही नव्हती. पण रागावण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. ती म्हणाली, "जाणार."

"मंग ग्रामसभेत या. तुम्ही काय बोलू नका. मी बोलते."

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. ज्योत्स्ना कडेला, बायकांच्या मागं बसली. मच्छिंद्रनं नव्या लागवडीचं सांगायला सुरुवात केली आणि नंदाबाई उभी राहिली.

"मच्छिंद्र, तू झाडं लावतो, चांगलं करतो. पर आमचं गवत गेलं त्याचं काय? तुझ्या दुकानात माझ्या म्हशीचा चारा भेटतो का?"

लोक हसले. मच्छिंद्रही हसला, पण नंदाबाई खाली बसेना. तिच्या मागं आणखी बायका उठल्या. एकजण म्हणाली, खड्ड्यात पाय मुरगळून माझी कालवड गेली. दुसरीनं गाजरगवतानं सुजलेला हात दाखवला. एक म्हातारा म्हणाला, हिवरमाळ कधी झाडाचा नव्हताच, आमच्या आज्यापासून तो गवताचाच. शेवटी मच्छिंद्र कावराबावरा झाला. त्यानं मागं बसलेल्या ज्योत्स्नाकडं बघितलं.

"ताई, तुम्ही हेच सांगून राह्यल्या होत्या ना?"

"हो, भाऊ."

"मला वाटलं तुम्हाला पाणी घालायचा कंटाळा असंल," तो खरं तेच बोलला.

ठराव झाला. नवी झाडं रस्त्याच्या कडेनं, शाळेच्या आवारात आणि स्मशानभूमीत लावायची. माळावर खड्डे मारायचे नाहीत. मच्छिंद्रनं सही केली. देवानंदनंही नंतर हेडमास्तरांना गाठून शाळेच्या कुंपणालगत कडुनिंब लावायचं कबूल करून घेतलं आणि घरी येऊन ते जरा घाबरत घाबरत सांगितलं. ती "बरं झालं" म्हणाली. तेवढ्यावर तो खूश झाला.

पण ठराव म्हणजे काही कायदा नव्हे. साहेब निवृत्त झाले, नवे साहेब आले. त्यांनी ठराव वाचला आणि म्हणाले, यंदापुरतं ठीक आहे, पुढच्या वर्षी उद्दिष्ट कसं येतं ते बघू. मारलेले चर बुजवायला तरतूद नाही. वेडी बाभूळ काढायची परवानगी अखेर आली, ती आर्थिक वर्ष संपताना, आणि काम हाती घ्यावं तोवर निधी परत गेला. पाहुण्यांच्या वडाचं काय करायचं, असं तिनं विचारलं तेव्हा नवे साहेब चमकले. "वड? वड कुणी काढतं का, मॅडम?" बाहेर उभ्या असलेल्या नंदाबाईनं परतताना हळूच विचारलं, "एखादी शेळी सोडू का त्याच्याकडं?" ज्योत्स्नाला हसू आलं, कितीतरी दिवसांनी. "सोडलीत तर मला ती धरावी लागेल, मावशी."

आता यंदाच्या पावसाळ्यात ती नाल्याकडून सुरुवात करते. वस्तीतल्या काही बायका सकाळी आपलं काम उरकून येतात आणि तिच्याबरोबर वेड्या बाभळीची रोपं मुळासकट ओढतात. त्यांना खात्याकडून काही मिळत नाही. गवतासाठी येतात आणि ते बोलूनही दाखवतात. मोठी झाडं तशीच उभी आहेत, शेंगा टाकत. चरांतलं गाजरगवत फुलायच्या आत काढायचं म्हणून बद्रीनाथ हाताला फडकी बांधून खाली वाकतो आणि शिव्या देत राहतो. परवा एक बाई ज्योत्स्नाला म्हणाली, "मॅडम, हे संपणार कवा?"

"संपत नाही," ज्योत्स्ना म्हणाली आणि पुढचं रोप धरलं. मूळ खोल गेलेलं होतं. तिनं दोन्ही पाय रोवून ओढलं, ते अर्ध्यात तुटलं. तुटलं की पुन्हा फुटतं. तिनं चडफडत कुदळ मागितली.